वाइनची पारख : डोळे, नाक, जीभ आणि निवाडा

सुट्टीच्या दिवशी नाशिकच्या गंगापूर-सावरगाव रस्त्यावरील किंवा दिंडोरी परिसरातील वायनरींमध्ये पर्यटकांची गर्दी उसळते. टेस्टिंग रूममध्ये ओळीने मांडलेल्या पेल्यांत चार-पाच प्रकारची वाइन थोडी थोडी ओतली जाते, छायाचित्रे काढली जातात, घोट घेतले जातात आणि बहुतेकांचा निवाडा दोनच शब्दांत आटोपतो : ‘गोड आहे’ किंवा ‘आंबट आहे’. गोड ती चांगली आणि आंबट ती वाईट, असा सरळ हिशेब असतो. वास्तविक वाइनमधील आंबटपणा हा दोष नाही आणि गोडवा हा नेहमी गुण नाही. उलट दुकानाच्या फळीवर उन्हाळाभर तापून बिघडलेली बाटली मात्र ‘वाइनची चव अशीच असायची’ असे समजून मुकाट्याने संपवली जाते.

वाइनची पारख हा श्रीमंतांचा शौक किंवा परदेशी शब्दांचा खेळ आहे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. प्रत्यक्षात ती एक क्रमवार तपासणी आहे. आधी पाहणे, मग हुंगणे, नंतर चाखणे आणि शेवटी निवाडा देणे हा तिचा क्रम. भाजी निवडताना किंवा आंब्याची पेटी घेताना मराठी गृहिणी जे करते, त्याहून हे फार वेगळे नाही. फरक एवढाच, की येथे नेमके काय शोधायचे ते आधी ठाऊक असावे लागते.

पेल्यावर काय अवलंबून आहे?

समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर वसलेला नाशिक परिसर खाण्याच्या द्राक्षांसाठी आधीपासूनच प्रसिद्ध होता. वाइनच्या द्राक्षांनी येथे व्यावसायिक स्वरूपात मूळ धरले ते १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात. राजीव सामंत यांनी सोव्हिन्यॉ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ या फ्रेंच जातींची लागवड केली आणि २००० मध्ये ‘सुला’ची पहिली वाइन बाजारात आली. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. नाशिक जिल्ह्यात विंचूर आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे वाइन पार्क उभारण्याचे ठरले आणि पाहता पाहता वायनरींची संख्या वाढली. पुढे ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाला भौगोलिक निर्देशांकाचे संरक्षणही मिळाले.

या वाढीला २००८-०९ मध्ये खीळ बसली. जागतिक मंदी आणि नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील दहशतवादी हल्ला यांमुळे हॉटेल व पर्यटन व्यवसाय थंडावला आणि वाइनचा उठाव घटला. टाक्यांमध्ये वाइन पडून राहिली, वायनरींनी द्राक्षे घेण्यात हात आखडता घेतला आणि अनेक शेतकऱ्यांनी वाइनच्या जातींच्या वेली उपटून टाकल्या. वाइनची द्राक्षे लहान, जाड सालीची आणि बियांची असतात. वायनरीने ती नाकारली, तर थॉमसन सीडलेसप्रमाणे ती खाण्यासाठी बाजारात विकता येत नाहीत. म्हणजेच या वेलीचे भवितव्य शेवटी ग्राहकाच्या पेल्यात ठरते. चांगल्या आणि बिघडलेल्या वाइनमधला फरक ग्राहकाला कळत नसेल, तर काळजीपूर्वक काम करणारा बागायतदार आणि निष्काळजी बागायतदार यांना बाजारात एकच भाव मिळतो.

पूर्वतयारी

पारख करण्यासाठी महागड्या साहित्याची गरज नाही. पेला मात्र बिनरंगी, नक्षी नसलेला, खाली फुगीर व वर निमुळता असावा. अशा आकारामुळे गंध तोंडाशी साठून राहतो. वाइन चाखण्याच्या पेल्याचे आंतरराष्ट्रीय प्रमाण १९७७ मध्ये ठरवण्यात आले. त्यानुसार पेल्यात सुमारे २१५ मिलिलिटर मावते आणि चाखण्यासाठी त्यात केवळ ५० मिलिलिटर वाइन ओततात. पेला काठोकाठ भरला तर तो फिरवता येत नाही आणि गंधाला जागाही राहत नाही.

अत्तर, उदबत्ती आणि फोडणीचा वास यांपासून दूर, दिवसाच्या उजेडात बसावे. नाशिकच्या सहलीत सकाळी झणझणीत मिसळ आणि त्यानंतर लगोलग वायनरी असा बेत अनेक जण आखतात. मिसळीबद्दल तक्रार नाही, पण मिरचीने जीभ पोळलेली असताना वाइनमधील तुरटपणा आणि अल्कोहोलची धग अवाजवी तीव्र भासते. दोहोंमध्ये पुरेसा वेळ जाऊ द्यावा. दोन वाइनच्या मध्ये पाणी आणि साधा पाव पुरेसा होतो.

तापमानाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. पांढरी वाइन ८ ते १२ अंश सेल्सिअस आणि लाल वाइन १६ ते १८ अंशांच्या आसपास चाखावी. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी हा नियम युरोपातील गार घरांमधून आला आहे. मे महिन्यातील नाशिकच्या खोलीला तो लागू पडत नाही. तेव्हा लाल वाइनची बाटली अर्धा तास शीतकपाटात ठेवणे योग्य. याउलट पांढरी वाइन बर्फासारखी गार केली, की तिचा गंध दबतो आणि दोषही झाकले जातात.

पहिली पायरी : डोळे

पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरून कडेचा रंग पाहावा. कोवळी पांढरी वाइन फिकट, किंचित हिरवट झाक असलेली दिसते. वय वाढते तशी ती सोनेरी आणि पुढे तपकिरी होत जाते. लाल वाइनचा प्रवास उलट दिशेने होतो. सुरुवातीला जांभळी असलेली कड कालांतराने विटकरी होते. लेबलवर गेल्या वर्षीचे साल आणि पेल्यात तपकिरी पांढरी वाइन, असे दिसले तर संशय घ्यावा. तिला हवा लागलेली असण्याची शक्यता असते.

वाइन स्वच्छ व चमकदार असावी. तळाशी काचेच्या कणांसारखे स्फटिक दिसले, तर घाबरू नये. ते बहुधा द्राक्षातील टार्टारिक आम्लाचे क्षार असतात. थंडीने ते तळाशी बसतात आणि पूर्णतः निरुपद्रवी असतात. पेला फिरवल्यावर कडेने ओघळणाऱ्या थेंबांना अनेक जण दर्जाची खूण मानतात. ते प्रामुख्याने अल्कोहोलच्या बाष्पीभवनामुळे तयार होतात. दर्जाचा त्यांच्याशी संबंध नाही.

दुसरी पायरी : नाक

पेला न हलवता एकदा हुंगावे, मग गोल फिरवून पुन्हा हुंगावे. वाइनच्या पारखीतील सर्वांत मोठा वाटा नाकाचा असतो, कारण ज्याला आपण ‘चव’ म्हणतो, त्यातील बरेचसे गंधच असतात. याची खात्री घरीच करता येते. नाक चिमटीत धरून साखरेत मिसळलेली दालचिनीची पूड तोंडात टाकावी. केवळ गोडी जाणवते. नाक सोडताच दालचिनी प्रकट होते, कारण तोंडातील गंध घशाच्या मार्गाने नाकात पोहोचतो.

गंधांना नावे देताना भल्याभल्यांची तारांबळ उडते. हा गोंधळ कमी व्हावा म्हणून कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधिका अ‍ॅन नोबल यांनी १९८४ मध्ये ‘गंधचक्र’ मांडले. त्यात आधी फळ, फूल, मसाला, लाकूड असा ढोबळ गट ठरवायचा आणि मग नेमक्या वासाकडे जायचे, अशी रीत आहे. त्या चक्रातील काही पाश्चात्त्य फळे आपल्या ओळखीची नसली, तरी अडत नाही. मराठी स्वयंपाकघर आणि मंडई यांत त्यांचे जवळचे नातेवाईक सापडतात.

सोव्हिन्यॉ ब्लाँमधील हिरवट वास ढोबळी मिरचीची आठवण करून देतो. तो योगायोग नसून दोहोंमध्ये पायराझिन गटातील एकच संयुग असते. पेरूच्या वासातील काही गंधकयुक्त रेणूही या वाइनमध्ये आढळतात. शिराझमध्ये येणारा मिरीचा वास रोटंडोन या संयुगामुळे येतो, असे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले. हेच संयुग काळ्या मिरीत असते. मस्कत जातीच्या द्राक्षांतील सुगंधात धन्यांतही आढळणाऱ्या लिनालूलचा वाटा असतो. ओक लाकडाच्या पिंपात मुरलेल्या लाल वाइनला व्हॅनिला, लवंग आणि भाजलेल्या खोबऱ्याची छटा येते. म्हणून ‘जांभूळ, मिरी आणि खोबरे’ असे वर्णन कोणी केले, तर ते गावंढळ ठरत नाही. उलट ते अधिक अचूक असते.

तिसरी पायरी : जीभ

लहानसा घोट घेऊन तो पाच-सात सेकंद तोंडभर फिरवावा. जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू कळते, असा नकाशा शालेय पुस्तकांतून पिढ्यान्पिढ्या शिकवला गेला. तो चुकीचा आहे. जिभेवर रुचीकलिका असलेल्या सर्वच भागांना सर्व चवी कळतात. त्यामुळे घोट सगळीकडे पोहोचू द्यावा आणि पुढील गोष्टी एकेक करून तपासाव्यात.

गोडवा : द्राक्षरसातील साखर यीस्ट खाते आणि तिचे अल्कोहोल होते. काढणीच्या वेळी वाइनच्या द्राक्षांत साधारण २२ ते २४ ब्रिक्स, म्हणजे १०० ग्रॅम रसात तितके ग्रॅम विद्राव्य घटक असतात आणि त्यात मुख्यतः साखरच असते. ती सगळी संपली, की वाइन ‘ड्राय’ होते. किण्वन मध्येच थांबवले, तर गोडवा उरतो. येथे एक फसगत संभवते. पिकलेल्या फळाचा वास आला, की मेंदूला वाइन गोड वाटते. शंका आल्यास नाक धरून घोट घ्यावा. खरी साखर असेल, तर ती तेव्हाही जाणवते.

आंबटपणा : घोट गिळल्यावर गालांच्या आत लाळ सुटते, तितकी आम्लता अधिक. आम्लता वाइनचा कणा आहे. ती नसेल, तर वाइन सरबतासारखी बेंगरूळ लागते. नाशिकच्या संदर्भात हा मुद्दा कळीचा आहे. येथे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी होते. काढणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात चालते. युरोपात द्राक्षे शरदाच्या गारव्याकडे जाताना पिकतात, तर येथे वाढत्या उन्हाकडे जाताना. उष्णता वाढली, की द्राक्षातील मॅलिक आम्ल झपाट्याने घटते. म्हणून काढणी पहाटे उरकणे आणि द्राक्षे वेळीच थंड करणे यांवर वाइनचा ताजेपणा अवलंबून असतो. पांढऱ्या नाशिक वाइनमधला स्वच्छ आंबटपणा हा म्हणूनच मेहनतीचा पुरावा आहे.

तुरटपणा : पाश्चात्त्य शास्त्र याला चव न मानता स्पर्श मानते. आपल्या षड्‌रसांत मात्र तुरट अर्थात कषाय रसाला मानाचे स्थान आहे, त्यामुळे मराठी वाचकाला तो समजावून सांगावा लागत नाही. द्राक्षाच्या साली व बियांतील टॅनिन लाळेतील प्रथिनांना चिकटते आणि तोंड कोरडे होते. कच्चे केळे, जांभूळ, कोरा चहा यांचा अनुभव तोच. कोऱ्या चहात दूध घातल्यावर तुरटपणा उतरतो, कारण दुधातील प्रथिने टॅनिनला पकडून ठेवतात. लाल वाइन मटण किंवा चीजसोबत मऊ वाटते, त्यामागेही असेच कारण आहे. तपासायचे ते एवढेच, की तुरटपणा रेशमासारखा आहे की जीभ खरवडणारा.

अल्कोहोल आणि भरीवपणा : घशात धग जाणवली, तर अल्कोहोल बाकीच्या घटकांना भारी पडत आहे असे समजावे. तोंडातील घनता साय काढलेल्या दुधासारखी आहे की सायीच्या दुधासारखी, यावरून भरीवपणाचा अंदाज येतो.

लांबी : घोट गिळल्यावर किंवा थुंकल्यावर सुखद चव किती सेकंद टिकते, ते मोजावे. दोन-तीन सेकंदांत सारे विरले, तर वाइन साधारण. दहा सेकंदांपलीकडे ती रेंगाळली, तर दखल घेण्याजोगी.

दोष कोणते, नावड कोणती?

निवाड्यापूर्वी एक भेद स्पष्ट असावा. एखादी वाइन आपल्याला न आवडणे ही रुची झाली. ती बिघडलेली असणे हा दोष झाला. मुख्य दोष नाकानेच ओळखता येतात.

ओल्या पुठ्ठ्याचा किंवा भिजलेल्या वर्तमानपत्राचा कुबट वास येत असेल, तर बुचातून टीसीए हे संयुग वाइनमध्ये उतरलेले असते. लिटरमागे काही नॅनोग्रॅम इतके अल्प प्रमाणही फळाचा वास मारण्यास पुरेसे ठरते. फिरकीच्या झाकणाच्या बाटल्यांत हा धोका फारच कमी. त्यामुळे असे झाकण हलक्या मालाचे लक्षण मानणे चूक आहे. शिर्का किंवा नखांचा रंग काढण्याच्या द्रवासारखा वास आला, तर जिवाणूंचा उपद्रव झालेला असतो. सडक्या अंड्याचा वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो. तो सौम्य असेल, तर पेला फिरवल्यावर उडून जातो. कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा शिळा वास हवा लागल्याची खूण होय. अशा पांढऱ्या वाइनमध्ये कधी मेथीदाण्यांचा वास येतो, कारण मेथीतील सोटोलोन हे संयुग हवा लागलेल्या वाइनमध्येही तयार होते.

आपल्या हवामानात सर्वाधिक सावध राहावे लागते ते उष्णतेपासून. तापलेल्या गोदामात किंवा उन्हाच्या तिरिपेत ठेवलेल्या बाटलीतील ताज्या फळाचा वास जाऊन शिजवलेल्या मुरांब्याचा बोजड वास येतो. बूच किंचित वर आलेले असणे, बाटलीच्या गळ्यावर चिकट ओघळ असणे ही बाहेरून दिसणारी लक्षणे. यात द्राक्षाचा, शेतकऱ्याचा किंवा वाइनकाराचा काहीही अपराध नसतो. वायनरीतून निघाल्यानंतरच्या प्रवासात हे नुकसान झालेले असते. नाशिकच्या बहुतेक पांढऱ्या वाइन एक-दोन वर्षांत पिण्यासाठीच बनतात. ‘जुनी तितकी चांगली’ या समजापोटी त्या कपाटात जपून ठेवणे हाही तोट्याचाच व्यवहार ठरतो.

निवाडा आणि गुण

दोष नसल्याची खात्री झाली, की चार प्रश्न विचारावेत. गोडवा, आम्लता, तुरटपणा आणि अल्कोहोल यांचे संतुलन आहे का? गंध व चव पुरेशी ठळक आहे का? एकाहून अधिक पदर उलगडतात का? चव किती टिकते? गुणच द्यायचे असतील, तर ऑस्ट्रेलियातील वाइन स्पर्धांत रूढ झालेली २० गुणांची विभागणी सुटसुटीत आहे. रंगरूपाला ३, गंधाला ७ आणि चवीला १०. त्या पद्धतीत १५.५ गुणांना कांस्य, १७ ला रौप्य आणि १८.५ ला सुवर्णपदक मिळते.

उदाहरणार्थ, एखाद्या ताज्या शेनिन ब्लाँची नोंद अशी होऊ शकते : ‘फिकट पिवळी, स्वच्छ. वासात पेरू, अननस, थोडा मध. किंचित गोडवा, पण आंबटपणाने तोललेला. लांबी मध्यम. गंध चांगला, पदर मोजके. एकूण १५.५.’ अशा चार ओळी ‘मस्त आहे’ या दोन शब्दांपेक्षा कितीतरी उपयोगी पडतात. सहा महिन्यांनी तीच वाइन पुन्हा चाखताना तुलनेसाठी काहीतरी हाती असते.

झाकलेल्या बाटलीचे महत्त्व

लेबल, किंमत आणि रंग यांचा पगडा तज्ज्ञांवरही बसतो. बोर्दो विद्यापीठातील संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाइन बिनवासाच्या रंगाने लाल करून दिली. त्यांनी तिचे वर्णन लाल वाइनच्या शब्दांत केले. अमेरिकेत २००८ मधील एका अभ्यासात तीच वाइन चढ्या किमतीची म्हणून दिली असता ती अधिक आवडल्याचे दिसले. दुसरीकडे, २४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर यांनी फ्रेंच परीक्षकांपुढे झाकलेल्या बाटल्या ठेवल्या, तेव्हा लाल आणि पांढरी या दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाची वाइन पहिली आली. लेबल उघडे असते, तर हा निकाल लागण्याची शक्यता कमीच होती.

नाशिकच्या वाइनसाठी हा धडा मोलाचा आहे. ‘देशी आहे म्हणजे बेताचीच असणार’ आणि ‘आपली आहे म्हणजे उत्तमच’ हे दोन्ही पूर्वग्रह सारखेच घातक. घरी तीन-चार मित्रांनी मिळून बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळून क्रमांक द्यावेत, प्रत्येकाने न बोलता नोंद लिहावी आणि मगच कागद उघडावा. आणखी कठीण परीक्षा हवी असल्यास तीन पेल्यांपैकी दोनांत एकच वाइन ओतून वेगळा पेला ओळखण्यास सांगावे. ज्याला तो ओळखता येत नाही, त्याने त्या दोन वाइनमधल्या फरकावर भाष्य न केलेले बरे.

चाखणे म्हणजे पिणे नव्हे, हेही येथे नमूद करणे आवश्यक आहे. व्यावसायिक परीक्षक प्रत्येक घोट थुंकतात आणि त्यात कोणालाही संकोच वाटत नाही. मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक अल्कोहोल आढळल्यास वाहन चालवणे गुन्हा ठरते. वायनरीतून शहराकडे परतताना चालकाने पेल्यापासून दूरच राहावे.

शेवटी एक साधी सवय लावून घ्यावी. बाटली घेताना द्राक्षवर्ष पाहावे, ती सावलीत आणि गारव्यात ठेवली होती का हे विचारावे आणि घरी उघडल्यावर दोष आढळला, तर ती ओतून न देता विक्रेत्याकडे परत न्यावी. ‘आवडली नाही’ एवढे न सांगता ‘तापलेली आहे, बूच वर आले आहे’ असे नेमके कारण सांगावे. अशा चार तक्रारी आल्या, की विक्रेत्याला बाटल्या उन्हातून हलवाव्याच लागतात. पहाटेच्या थंडीत काढलेल्या द्राक्षांचा ताजेपणा पेल्यापर्यंत पोहोचायचा असेल, तर साखळीतला हा शेवटचा दुवा ग्राहकालाच सांभाळावा लागणार आहे.